पॉवर अँप्लिफायरची संरक्षण व्यवस्था

पॉवर अँप्लिफायरमधला बिघाड स्पीकरपर्यंत पोचू नये, आणि स्पीकर, केबल किंवा वीजपुरवठ्यातल्या दोषाने अँप्लिफायर जळू नये, यासाठी आत बसवलेल्या सर्किटांना मिळून संरक्षण व्यवस्था म्हणतात. साउंडवाल्यांच्या बोलण्यात ‘अँप प्रोटेक्टला गेला’ म्हणजे यांपैकी एखाद्या सर्किटने आवाज तोडला आणि पुढच्या पट्टीवर लाल दिवा लागला. दिवा एकच असला तरी त्यामागची कारणे चार असू शकतात : लोड (म्हणजे जोडलेले स्पीकर आणि केबल), पुरवठा, उष्णता किंवा अँपचा स्वतःचा बिघाड. नेमके कोणते, हे न पाहता तोच अँप बंद-चालू करत राहणे ही सगळ्यात महागात पडणारी सवय आहे.

मराठवाड्यात या व्यवस्थेची परीक्षा बाराही महिने चालू असते. १४ एप्रिलच्या मिरवणुका आणि मे महिन्यातली लग्ने ऐन उन्हात येतात, त्यानंतर गणपती, १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आणि नवरात्र. अखंड हरिनाम सप्ताहात अँप सात दिवस रोज कित्येक तास चालतो, तरी तो फारसा तापत नाही. कारण बोलण्यात आणि भजनात आवाजाची टोके सरासरीपेक्षा १२ ते १५ डेसिबलने वर असतात आणि मध्ये भरपूर विसावा असतो. डीजेच्या दाबून भरलेल्या संगीतात हे अंतर ६ ते ८ डेसिबलवर येते. आवाजाचे टोक तेवढेच, पण सरासरी वॅट कितीतरी पट जास्त, आणि उष्णता सरासरीवर ठरते. त्यामुळे सप्ताहात वर्षानुवर्षे चाललेला अँप मिरवणुकीत तासाभरात बंद पडला, तर तो खराब झाला असे लगेच समजू नये.

डीसी संरक्षण

स्पीकरच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे संरक्षण हेच. आउटपुटचा एक ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की पुरवठ्याचा पूर्ण डीसी (एकाच दिशेचा) दाब, म्हणजे व्होल्टेज, थेट स्पीकरवर जातो. रेल (अँपच्या आतली डीसी पुरवठ्याची लाइन) ±९० व्होल्टची आणि स्पीकर ८ ओहमचा धरला, तर कॉइलचा डीसी रोध सुमारे ६ ओहम असतो; म्हणजे १५ अँपिअर आणि १,३५० वॅट. तेही एका जागी अडकलेल्या, हवा न हलवणाऱ्या कॉइलमध्ये. काही सेकंदांत वार्निशचा वास येतो आणि कॉइल संपते.

हे टाळण्यासाठी आउटपुटवरून एक मोठा रोध घेऊन त्यापुढे कपॅसिटरचा फिल्टर लावतात. संगीतातला २०-३० हर्ट्झचा बेस फिल्टर गिळून टाकतो. दोन-एक व्होल्टचा डीसी काही दशांश सेकंद टिकला तरच पुढचा ट्रान्झिस्टर चालू होऊन रिले (विजेने चालणारा स्विच) सोडतो. चालू करताना दोन ते पाच सेकंदांनी जी ‘टक’ ऐकू येते ती याच रिलेची. तोवर आतले दाब स्थिर झालेले असतात आणि स्पीकरला धक्का बसत नाही.

रिलेची खरी अडचण डीसी तोडण्यात आहे. एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी आपोआप विझते. डीसी शून्यावर येतच नाही. रिलेवर २५० व्होल्ट एसी लिहिलेले असले तरी त्याच रिलेवर डीसीसाठी बहुधा ३० व्होल्टच छापलेले सापडतात. ९० व्होल्ट डीसीवर संपर्क उघडले तरी मधली ठिणगी प्रवाह चालूच ठेवते किंवा संपर्क एकमेकांना चिकटतात. चांगल्या रचनेत रिलेचा मोकळा पडणारा संपर्क ग्राउंडला जोडलेला असतो, म्हणजे ठिणगी स्पीकरकडे न जाता ग्राउंडकडे ओढली जाते आणि रेलचा फ्यूज उडतो. काही अँपमध्ये रिलेऐवजी ट्रायक (अर्धवाहक स्विच) असतो. तो आउटपुटच ग्राउंडशी शॉर्ट करतो. फ्यूज जातात, स्पीकर वाचतो.

जुन्या रिलेचे एक लक्षण ओळखण्याजोगे आहे. हळू आवाजात एक बाजू फाटलेली किंवा बंद, आणि आवाज वाढवला की अचानक साफ. संपर्कावर काजळी धरल्याची ही खूण. यावर गावोगाव केला जाणारा उपाय म्हणजे रिलेच्या दोन पायांवर वायर टाकून तो ‘डायरेक्ट’ करणे. आवाज सुरू होतो हे खरे, पण त्यानंतर पहिला ट्रान्झिस्टर जाईल तेव्हा १८ इंची बेसची कॉइलही सोबत जाईल. नवा रिले कॉइल भरण्यापेक्षा कितीतरी स्वस्त असतो.

प्रवाह आणि लोड

आउटपुटच्या प्रत्येक ट्रान्झिस्टरला ०.२२ किंवा ०.३३ ओहमचा एमिटर रोध असतो. त्यावरचा दाब ०.६५ व्होल्टच्या आसपास गेला की संरक्षणाचा छोटा ट्रान्झिस्टर चालू होऊन पुढचा सिग्नल दाबतो. साध्या रचनेत ०.२२ ओहमला हा हिशेब एका जोडीमागे सुमारे ३ अँपिअर, पाच जोड्यांना १५ अँपिअर. ४ ओहमवर १५ अँपिअरचे टोक म्हणजे ४५० वॅट. तोच अँप २ ओहमवर नेला की २२५ वॅट. चार बॉक्स एकाच चॅनेलवर लावल्यावर आवाज वाढण्याऐवजी चिरका होतो तो यामुळेच. ८ ओहमचे दोन बॉक्स समांतर जोडले की ४ ओहम आणि चार जोडले की २ ओहम होतात, एवढे गणित बॉक्स रचण्याआधी करावे.

चांगले सर्किट प्रवाहासोबत ट्रान्झिस्टरवरचा दाबही पाहते. स्पीकर हा निव्वळ रोध नाही. त्यात प्रवाह आणि दाब एकाच वेळी टोकाला जात नाहीत, त्यामुळे ट्रान्झिस्टरवर मोठा दाब असतानाच मोठा प्रवाह वाहण्याची वेळ येते. दुकानात सर्रास मिळणारी ५२००-१९४३ या आउटपुट ट्रान्झिस्टरांची जोडी २३० व्होल्ट, १५ अँपिअर आणि १५० वॅटची असते, पण हे १५० वॅट आवरण २५ अंशांवर असताना. ७५ अंशांवर तोच ट्रान्झिस्टर ९० वॅटच पेलतो. बाजारातल्या नकली मालात आतली चिप लहान असते, म्हणून संरक्षणाची गणिते तिथे लागूच पडत नाहीत. एक जोडी गेली तर सगळ्या जोड्या एकाच बॅचच्या घालणे श्रेयस्कर.

ब्रिज मोडमध्ये, म्हणजे दोन चॅनेल मिळून एकच लोड चालवताना, ते उलट-सुलट चालून दाब दुप्पट होतो, पण प्रत्येक चॅनेलला अर्धाच लोड दिसतो : बॉक्स ८ ओहमचा तर प्रत्येकाला ४, बॉक्स ४ चा तर २. जोडणी दोन्ही लाल टोकांमध्ये. स्पीकॉन प्लगवर बहुधा १+ आणि २+. यातले एक टोक चुकून ग्राउंडला लागले तर तो सरळ शॉर्ट होतो.

सप्ताहातल्या भोंग्यांच्या १०० व्होल्ट लाइनवर वेगळाच प्रकार घडतो. भोंग्यातला लाइन ट्रान्सफॉर्मर खालच्या सुरांना संपृक्त होतो (त्याचा गाभा आणखी चुंबकत्व पेलत नाही) आणि अँपला जवळपास शॉर्टसारखा वाटतो. पखवाजाच्या डाव्या, कणीक लावलेल्या बाजूवर थाप पडली की अँप गप्प होतो, कीर्तनकार बोलू लागले की पुन्हा ठीक. लाइनवर १०० हर्ट्झच्या आसपास हाय-पास (खालचे सूर अडवणारा) फिल्टर लावला की तक्रार संपते.

उष्णता आणि धूळ

हीटसिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पाकळ्यांवर, तापमान ओळखणारा थर्मिस्टर किंवा ८५-९० अंशांचा थर्मोस्टॅट असतो. आधी पंख्याचा वेग वाढतो, मग आवाज कमी केला जातो, शेवटी बंद. २५ अंशांच्या खोलीत हीटसिंक ६५ वर जाणारा अँप, तेवढ्याच कामाला, ४५ अंशांच्या हवेत ८५ वर पोचतो. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात सावलीतच ४२-४३ अंश असतात. टेम्पोवर ताडपत्रीखालच्या बंद रॅकमध्ये किती असतील ते वेगळे सांगायला नको. हा दोष अँपचा नसून रॅकचा आहे. रॅकची मागची फळी काढावी. काही अँप पुढून हवा घेऊन मागे सोडतात, काही उलट. असे दोन एकावर एक ठेवले तर एकाची गरम हवा दुसरा ओढतो.

काळ्या मातीची बारीक धूळ आणि कापसाची तुसे मिळून हीटसिंकच्या पाकळ्यांमध्ये वाकळीसारखा थर बसवतात. हंगामापूर्वी कोरड्या ब्रशने आणि हवेच्या फवाऱ्याने साफ करावे. फवारा मारताना पंखा काडीने अडवावा, नाहीतर तो भरधाव फिरून बेअरिंग खराब होते आणि उलटा दाबही निर्माण करतो. पावसाळ्यानंतर गोदामातून काढलेला अँप उघडून पाहणेही गरजेचे; रेलच्या दोन पट्ट्यांवर मेलेली पाल हे शॉर्टचे कारण अजिबात दुर्मीळ नाही.

वीजपुरवठा

गावातल्या डीपीवर संध्याकाळी २३० चे १७० व्होल्ट होतात. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या अँपची शक्ती दाबाच्या वर्गाने घटते, म्हणजे १७० व्होल्टवर सुमारे ५५ टक्केच उरते. ऑपरेटर कमी पडला म्हणून गेन वाढवतो आणि अँप क्लिप करतो, म्हणजे आवाजाची टोके कापतो. रात्री उशिरा बाकीचा भार गेला की दाब उसळतो.

याहून वाईट म्हणजे थ्री-फेजचा न्यूट्रल सुटणे. मग एका फेजवरच्या सामानाला २३० ऐवजी ४०० व्होल्टपर्यंत दाब मिळू शकतो. यासाठी मेन्सवर २७५ व्होल्टचा व्हॅरिस्टर (जादा दाबाला वाहू लागणारा भाग) असतो. तो स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो. फ्यूजच्या जागी जाड वायर घातली असेल तर व्हॅरिस्टर जळतो आणि त्यापाठोपाठ कपॅसिटर. म्हणून कनेक्शन घेतल्यावर अँप लावण्याआधी मीटरने फेज-न्यूट्रल मोजावे. जनरेटर असेल तर तो रिकामा सुरू करून २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ स्थिर झाल्यावरच आधी मिक्सर, मग एकेक अँप लावावा. बंद करताना क्रम उलटा.

मोठा टोरॉइड (कड्याच्या आकाराचा) ट्रान्सफॉर्मर चालू होताना नेहमीच्या दहापट किंवा अधिक प्रवाह ओढतो. तो रोखायला २२ ते ४७ ओहमचा रोध मध्ये असतो आणि सेकंदाभराने रिले त्याला वगळतो. हा रिले खराब झाला की अँप चालू होतो, पण आवाज वाढवताच दिवे मंदावतात आणि रोध जळल्याचा वास येतो.

क्लास डी (ट्रान्झिस्टर वेगाने चालू-बंद करणाऱ्या) अँपमध्ये आणखी एक गंमत आहे. अर्ध्या पुलाच्या (हाफ-ब्रिज) रचनेत खोल बेसवर काही ऊर्जा स्पीकरकडून उलट पुरवठ्यात जाते, रेल फुगते आणि जादा दाबाचे संरक्षण अँप बंद करते. फक्त सबवर (खोल बेसच्या बॉक्सवर), फक्त खोल बेसला असे होत असेल, तर एका चॅनेलचा इनपुट उलटा करून त्याच चॅनेलचा स्पीकरही उलटा जोडावा. आवाज तोच राहतो. दोन्ही चॅनेल पुरवठ्यावर एकमेकांना तोलतात. अनेक उत्पादक हे आतूनच करून देतात.

लिमिटर आणि आधुनिक सोयी

क्लिप लिमिटर अँपच्या आउटपुटची टोके कापली जाऊ लागली की इनपुट दाबतो. मात्र स्पीकर किती वॅटचा आहे हे त्याला ठाऊक नसते. १,००० वॅटचा अँप ५०० वॅटच्या बॉक्सला जोडला तर क्लिपचा दिवा न लागताही कॉइल जळू शकते. त्यासाठी प्रोसेसरचा आरएमएस, म्हणजे सरासरी पाहणारा, लिमिटर बसवतात. हिशेब असा : ५०० वॅट, ८ ओहम, म्हणजे ५०० × ८ चे वर्गमूळ, ६३.२ व्होल्ट. अँपचा गेन ३२ डेसिबल, म्हणजे ४० पट, इनपुटवर १.५८ व्होल्ट, अर्थात सुमारे +६.२ डीबीयू (०.७७५ व्होल्टच्या तुलनेतले डेसिबल). लिमिटर इथे लावावा आणि अँपचे नॉब पूर्ण उघडून ठेवावेत. नॉब खाली आणून लिमिटर लावला तर कार्यक्रमात कोणीतरी नॉब फिरवतोच. सबच्या पोर्टेड (हवेसाठी भोक ठेवलेल्या) बॉक्सला ३०-३५ हर्ट्झचा हाय-पास हवाच. बॉक्सच्या ट्यूनिंगच्या वारंवारतेखाली कोनला आवर घालायला बॉक्समधली हवा उरत नाही आणि अँपचे कोणतेही संरक्षण ते ओळखत नाही.

नव्या अँपमध्ये डीएसपी (आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणारी चिप), पासवर्डने बंद केलेले प्रीसेट, नेटवर्कवरून आवाज आणि देखरेख, घटनांची नोंद अशा सोयी येतात. कामाची सगळ्यांत मोठी सोय लोड-मोजणी. ८ ओहमचे चार बॉक्स समांतर असताना २ ओहमच्या जागी २.६७ दिसले, तर एका बॉक्सची कॉइल तुटली आहे, हे बॉक्सपर्यंत न जाता कळते. घटनांच्या नोंदीत वेळेसह ‘तापमान’ किंवा ‘मेन्स दाब’ लिहिलेले असले तर भांडण तिथेच मिटते.

केबलचा भाग याच हिशेबात धरावा. अडीच चौरस मिमी तांब्याची ३० मीटर केबल जाऊन-येऊन सुमारे ०.४ ओहम होते. ४ ओहमच्या लोडवर स्पीकरला मिळणारी शक्ती जवळपास पाचव्या भागाने घटते.

दोष शोधणे

प्रोटेक्ट लागला की आधी सगळे स्पीकर काढून अँप चालू करावा. दिवा गेला तर दोष केबल किंवा बॉक्समध्ये. एकेक केबल लावत जावे. दिवा तसाच राहिला आणि अँप थंडही आहे, तर आतला बिघाड. उघडण्यापूर्वी प्लग काढून रेल कपॅसिटर १ किलोओहम, १० वॅट रोधाने मिनिटभर रिकामे करावेत. १०,००० मायक्रोफॅरडमध्ये ९० व्होल्ट बराच वेळ टिकतात. मग आउटपुट ट्रान्झिस्टर आणि एमिटर रोध मीटरवर तपासावेत. एक ट्रान्झिस्टर शॉर्ट असेल तर त्याला चालवणारा ड्रायव्हर ट्रान्झिस्टर आणि एमिटर रोधही बहुधा गेलेला असतो. आउटपुटजवळचा १० ओहमचा रोध काळा पडलेला दिसला तर अँप न ऐकू येणाऱ्या उच्च वारंवारतेवर दोलन करत होता. अशा वेळी नुसते ट्रान्झिस्टर बदलून भागत नाही.

सुटे भाग बदलल्यावर पहिल्यांदा थेट मेन्सवर लावू नये. १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये ठेवावा. एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, लख्ख पेटत राहिला तर शॉर्ट अजून आहे. मंद झाल्यावर स्पीकरविना आउटपुटवरचा डीसी मोजावा : ५० मिलिव्होल्टच्या आत असला पाहिजे. त्यानंतरच बल्ब काढून बायस (सिग्नल नसताना आउटपुट ट्रान्झिस्टरांतून वाहणारा प्रवाह) उत्पादकाच्या आकड्यावर आणावा आणि अँप गरम झाल्यावर, वीसेक मिनिटांनी, तो पुन्हा मोजावा.