नाण्यावरचं भिंग : मायक्रोस्कोप आणि कॅमेरा नाण्यांपर्यंत कसे पोचले

नाण्यासाठी म्हणून मायक्रोस्कोप मुळात कोणी घडवलाच नव्हता. आज ‘कॉइन मायक्रोस्कोप’ म्हणून हजार-हजार पटींचे आकडे लावून जी उपकरणं विकली जातात, त्यांची घराणी भलतीच आहेत. एक प्राणिशास्त्रज्ञाचं, एक पोलाद तपासणाऱ्याचं, एक चक्क खेळण्यांच्या दुकानातलं. त्यामुळे नवा संग्राहक ‘किती पटीचा घेऊ?’ असं विचारतो तेव्हा खरी अडचण भलतीकडेच असते. नाणं किती मोठं दिसतं हा प्रश्न गेल्या तीनशे वर्षांत फारसा कोणाला अडला नाही. अडलं ते उजेडापाशी आणि भिंगाखालच्या जागेपाशी.

शाळेच्या प्रयोगशाळेतला मायक्रोस्कोप आठवा. खाली आरसा, वर काचपट्टीवर कांद्याची साल. उजेड खालून येतो आणि वस्तूतून आरपार जातो. तिथे नाणं ठेवलं तर काळी चकती दिसेल. वरून उजेड टाकावा, तर ४० पटीच्या भिंगाखाली जेमतेम अर्धा मिलिमीटर जागा उरते, तिथे दिवा घुसवणार कुठून? यावर अठराव्या शतकातच एक तोड निघाली होती. योहान लीबरक्यून या जर्मन वैद्याने भिंगाभोवती चांदीचा अंतर्गोल आरसा बसवला आणि उजेड परतवून अपारदर्शक वस्तूवर पाडला. पुढे १८६० च्या दशकात इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बीने घासून, आम्लाने खरवडलेलं पोलाद परावर्तित उजेडात पाहिलं आणि धातूंच्या सूक्ष्मरचनेचं शास्त्र सुरू झालं. पण सॉर्बीचे नमुने आरशासारखे सपाट. नाण्याला उठाव असतो, आणि आपल्याला पाहायचा असतो तोच.

नाण्यांना जवळचं घराणं आलं ते १८९० च्या दशकात. होरेशिओ ग्रीनो या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाला बारीक जीवांची चिरफाड करताना दोन्ही डोळ्यांनी, खोलीसकट पाहायचं होतं. त्याच्या कल्पनेवरून जर्मनीतल्या येना इथल्या झाइस कंपनीने दोन तिरप्या नळ्यांचा स्टिरिओ मायक्रोस्कोप बनवला. त्यात प्रतिमा सुलटी दिसते, म्हणजे नाणं उजवीकडे सरकवलं की उजवीकडेच सरकतं. आणि भिंगाखाली आजच्या नमुन्यांत साधारण दहा सेंटिमीटर जागा मिळते. चिमटा, बोटं, दिवा, सगळं त्यात मावतं. १९५९ मध्ये बॉश अँड लोम्बने स्टिरिओझूम काढला, तेव्हा भिंगं न बदलता पट वाढवता येऊ लागली. इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांनी ही यंत्रं उचलली आणि तिथून ती संग्राहकांच्या टेबलावर आली. आजचा ७ ते ४५ पटींचा नेहमीचा स्टिरिओ याच वंशाचा.

आता जरा मागे, कॅमेऱ्याआधीच्या काळात. १८३० च्या दशकात कलकत्त्याच्या टांकसाळीत काम करणारा जेम्स प्रिन्सेप नाण्यांची चित्रं स्वतः काढून छापत असे. ब्राह्मी वाचणारा माणूस, त्याची नजर पक्की. तरीही वाचकाला नाणं दिसायचं ते प्रिन्सेपच्या हातातून. चित्रकाराने एक मात्रा गाळली की ती शंभर वर्षं गळलेली राहायची. १८३९ मध्ये फोटोग्राफी जाहीर झाली, तरी सूचींमध्ये खुद्द नाण्यांचे फोटो येईनात. चांदी चकाकते, तांबं काळवंडतं आणि दोन्ही एकाच पानावर नीट उतरत नाहीत. म्हणून ब्रिटिश म्युझियमसारख्या संस्था नाण्याच्या प्लास्टरमध्ये प्रतिकृती काढून त्या प्रतिकृतींचे फोटो छापत. सगळी नाणी सारखी पांढरी, मॅट, उठाव स्पष्ट. दूरच्या संग्रहातलं नाणं मागवण्यापेक्षा त्याची प्रतिकृती मागवणंही सोपं. स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या फ्रीडरिश इम्होफ-ब्लूमर या नाणेतज्ज्ञाकडे अशा प्रतिकृतींचा प्रचंड संग्रह होता. या रीतीला आज कोणी हसू नये. चकाकी काढून टाकून फक्त उठाव ठेवणं हेच तर आपण आज दिव्यापुढे ट्रेसिंग पेपर लावून करतो.

आपल्याकडच्या नाण्यांना हे सगळं किती लागू पडतं, ते क्षत्रपांची, म्हणजे पश्चिम भारतातल्या जुन्या शक राजांची, चांदीची नाणी हातात घेतल्यावर कळतं. पंधराएक मिलिमीटरचं, सुमारे दोन ग्रॅमचं नाणं. राजाच्या डोक्यामागे ब्राह्मी अंकांत शक वर्ष : शतकाचं चिन्ह, दशकाचं, एककाचं. यातला शेवटचा आकडा पुष्कळदा काठाबाहेर गेलेला असतो. त्याची जी दोन-तीन टोकं उरतात त्यांवरून तो सात की नऊ हे ठरवायचं, आणि त्यावर राजाची कारकीर्द. पुरातत्त्वाचे अभ्यासक भगवानलाल इंद्रजींनी अशी नाणी जन्मभर जमवली. त्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला गेला आणि १९०८ मध्ये रॅप्सन या अभ्यासकाने केलेल्या तिथल्या सूचीत आला. या वाचनाला दहा पटींचं भिंग पुरतं. जे पुरत नाही ते उजेडाचं. दिवा समोरून धरला की आकडा गायब, काठाकडून नाण्याच्या पृष्ठभागालगत आडवा धरला की त्या रेघेची सावली पडते आणि आकडा उभा राहतो.

जोगळटेंभीचा ठेवा याहून चांगलं उदाहरण. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या या गावी नहपान या क्षत्रप राजाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी मिळाली आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली छाप पुन्हा मारली होती. एका बाजूला चैत्य, दुसरीकडे उज्जैन चिन्ह (क्रॉसच्या चार टोकांना चार वर्तुळं), आणि त्यांच्या खालून डोकावणारं नहपानाचं नाक किंवा ग्रीक अक्षरांचा तुकडा. एका उजेडात वरची छाप दिसते, दिवा फिरवला की खालची. असं नाणं एका फोटोत मावत नाही. दिव्याच्या दोन जागा, दोन फोटो, असंच करावं लागतं. भिंगाभोवती बसणारी एलईडीची रिंग इथे सपशेल हरते, कारण चहूकडून सारखा उजेड आला की सावली उरतच नाही. रिंग घ्यायचीच तर एकेक भाग वेगळा विझवता येणारी घ्यावी.

संग्राहकांमध्ये मायक्रोस्कोपचं वेड पसरलं ते मात्र अमेरिकेतून. १९५५ च्या एका सेंटच्या काही नाण्यांवर अक्षरं दुहेरी उमटली. ती नुसत्या डोळ्यांनाही दिसत, पण त्यामुळे लोक इतर नाण्यांवर बारीक दुहेरीपणा शोधू लागले. १९७१ मध्ये व्हॅन ॲलन आणि मॅलिस यांनी मॉर्गन डॉलर या अमेरिकी चांदीच्या नाण्याच्या डायांची, म्हणजे छाप उमटवणाऱ्या ठशांची, तपशीलवार वर्गवारी केली. १९७२ मध्ये अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने खरं-खोटं तपासणारी सेवा सुरू केली. त्याच दशकात १९०७ च्या वीस डॉलरच्या सोन्याच्या नाण्यांची एक अफलातून नक्कल पकडली गेली. बनवणाऱ्याने गरुडाच्या पंज्यात ओमेगाचं इवलंसं चिन्ह सोडलं होतं. मला जास्त बोलकी वाटते ती १८९६, १९०० आणि १९०२ सालांच्या ‘मायक्रो ओ’ डॉलरची गोष्ट. न्यू ऑर्लीन्स टांकसाळीच्या खुणेचा ‘ओ’ नेहमीपेक्षा बारीक असलेली ही नाणी कित्येक वर्षं दुर्मीळ आणि अस्सल म्हणून विकली गेली. २००५ मध्ये पीसीजीएस या नाणी तपासणाऱ्या अमेरिकी कंपनीने ती नकली ठरवली. तिन्ही सालांच्या नाण्यांच्या मागच्या बाजूला डायचे तेच ते दोष होते. हे समजायला पाचशे पटींची गरज नव्हती. नाणी शेजारी ठेवून सारख्या उजेडात ताडून पाहण्याची होती, आणि ते काम फोटोचं.

इथेच कॅमेरा पाहिजे झाला. फिल्मच्या काळात मायक्रोस्कोपवर कॅमेरा चढवणं महागडं आणि वैतागाचं होतं. १९९९ मध्ये इंटेल आणि मॅटेलने मुलांसाठी क्यूएक्स३ नावाचा, संगणकाला जोडायचा निळा मायक्रोस्कोप काढला, आणि पोरांपेक्षा मोठ्यांनीच तो वापरला असं म्हणायला हरकत नाही. त्याच सुमारास निकॉनचा कूलपिक्स ९५० हा वळणारा डिजिटल कॅमेरा आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, टेकवून लोक फोटो काढू लागले. आजचे यूएसबी मायक्रोस्कोप या दोघांच्या मागून आले. काही मायक्रोस्कोपना दोन डोळ्यांच्या नळ्यांखेरीज कॅमेऱ्यासाठी तिसरी नळी असते; तिच्यावर कॅमेरा बसवायची सी-माउंटची एक इंची आटी तर त्याहून जुनी, १६ मिलिमीटर फिल्मच्या सिनेमा कॅमेऱ्यांची.

जुन्या वंशाचे दोष इथे अंगावर येतात. ग्रीनोच्या रचनेत नळ्या तिरप्या. डोळ्यांना त्याचा त्रास नाही, पण कॅमेरा एकाच नळीतून पाहतो, म्हणून सपाट नाण्याची एक कड धूसर येते. ते टाळायला नाण्याखाली पुठ्ठ्याची पाचर सरकवून ते किंचित कलतं ठेवतात. दुसरा घोळ मापाचा. सात पटींवर डोळ्याला सुमारे २८ मिलिमीटरचं वर्तुळ दिसतं, आणि ब्रिटिश काळातला रुपया साडेतीसचा. तो मावत नाही. खाली पट निम्मी करणारं ०.५ चं भिंग लावलं की मावतो. पण तिसऱ्या नळीवरच्या अर्ध्या इंची सेन्सरला, ०.५ चं ॲडॉप्टर असूनही, साधारण १८ बाय १४ मिलिमीटरच दिसतं. खालचं भिंग धरूनही चौकट ३६ बाय २७ ची, म्हणजे रुपया वर-खाली कापला जाणारच.

त्यामुळे अनुभवी मंडळी दोन्ही कामं एका यंत्रावर लादत नाहीत. टांकसाळीची खूण, म्हणजे सालाखालचा मुंबईचा हिरा (पत्त्यांतल्या चौकटचा आकार) किंवा हैदराबादचा तारा, आणि डायवरची चीर यांसाठी स्टिरिओ. अख्ख्या नाण्यासाठी स्टँडवर उभा टांगलेला कॅमेरा आणि मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची, लेन्स. तेवढे पैसे नसतील तर बेलोजवर (कॅमेरा आणि लेन्स यांमधल्या घडीच्या भात्यावर) एनलार्जरची, म्हणजे फिल्मवरून कागदावर फोटो मोठा करायच्या यंत्राची, जुनी लेन्स चढवावी. डार्करूम बंद पडल्यावर अशा लेन्स स्वस्तात निघाल्या. सपाट कागदावर कडेपर्यंत सारखी धार यावी म्हणूनच त्या घडवल्या होत्या, त्यामुळे नाण्याच्या काठाजवळचा मजकूरही नीट येतो.