कुसुमाग्रजांची कुसुम : उशिरा उमगणाऱ्या अर्थांची पार्श्वभूमी

कुसुमाग्रज हे नाव आपण शाळेत ऐकतो, कवितेखाली वाचतो, कवीपरिचयासाठी पाठ करतो. पुढे कित्येक वर्षांनी, भलत्याच कामात असताना, तो शब्द अचानक मधोमध उकलतो. कुसुम आणि अग्रज. कुसुमचा थोरला भाऊ. विष्णु वामन शिरवाडकर (१९१२–१९९९) यांच्या धाकट्या बहिणीचे नाव कुसुम होते, आणि त्या नात्यावरून त्यांनी आपले कवीनाम घेतले. ती बहीण इतकी वर्षे आपल्या डोळ्यांसमोर होती. आपण फक्त कवी पाहत होतो.

एक नाव उकलले की बाकीचीही उकलू लागतात. केशवसुत म्हणजे केशवाचा मुलगा. कृष्णाजी केशव दामले (१८६६–१९०५) या पूर्ण नावात तो केशव मधोमध उभा आहे. गोविंदाग्रज, म्हणजे राम गणेश गडकरी, हेही गोविंदाचे थोरले भाऊ. प्रल्हाद केशव अत्रे यांचे केशवकुमार हे नाव मला सर्वांत देखणे वाटते. वडील केशव म्हणून ते सरळच आहे, पण ते उच्चारताना केशवसुतांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. 'झेंडूची फुले' हा विडंबनांचा संग्रह १९२५ साली याच नावाने आला. दुसऱ्याच्या कवितेचा प्रतिध्वनी उमटवणाऱ्या पुस्तकावर नावही प्रतिध्वनीचेच असावे, हा योग मला फार आवडतो.

यांतले काहीही लपवलेले नव्हते. तरीही उमगायला इतका उशीर का होतो? हा उशीर आजचा नाही. त्याला फार जुना इतिहास आहे, आणि त्यात बराच काळ उशीर हाच हेतू होता.

महाभारताच्या लेखनाची कथा सर्वांना माहीत असते. लेखणी थांबली तर लिहिणे सोडीन, अशी अट गणपतीने घातली. व्यासांनी उलट अट घातली, की अर्थ कळल्याशिवाय एक अक्षरही लिहायचे नाही. मग व्यास मधूनमधून असे कूटश्लोक घालत, की गणपतीलाही क्षणभर थांबावे लागे आणि तेवढ्यात पुढची रचना होई. परंपरा अशा श्लोकांची संख्या ८८०० सांगते. ही कथा मूळ ग्रंथात मागाहून आली असे संशोधक मानतात, पण तिच्यातली जाण खरी आहे. वाचणाऱ्याचा वेग कमी करण्यासाठी अर्थाला गाठ मारायची, हे तंत्र तेव्हाच्या रचनाकारांना नीट माहीत होते.

संस्कृत साहित्यशास्त्राने या गाठीला श्लेष हे नाव दिले. श्लेष म्हणजे मिठी. दोन अर्थ एका शब्दाला बिलगून असतात. 'मित्र' म्हणजे सखा आणि सूर्यही, तेव्हा मित्राच्या उदयाने आनंद झाला असे म्हटले की दोन्ही अर्थ लागतात आणि शब्द मोडावा लागत नाही. हा अभंग श्लेष. शब्द तोडल्यावर दुसरा अर्थ निघतो तो सभंग श्लेष, आणि उशिरा उमगतो तो बहुधा हाच. शाळेच्या व्याकरणात याचे एक अप्रतिम उदाहरण असते. विरहाने मूर्च्छित झालेली दमयंती शुद्धीवर येते आणि म्हणते, 'औषध नलगे मजला'. आई ऐकते, 'न लगे', औषध नको, म्हणजे मुलगी बरी आहे, आणि 'बरे' म्हणून मान डोलावते. मुलगी सांगत असते, 'नल गे', माझे औषध नल आहे गं! आपण हे उदाहरण परीक्षेपुरते पाठ केले. खरे तर त्या दोन ओळींत या विषयाचे सगळे मर्म आहे. अर्थ हातभर अंतरावर असतो, ऐकणारा प्रेमाने ऐकत असतो, आणि तरीही तो निसटतो.

या तंत्राने पुढे अचाट रूप घेतले. सुबंधूने 'वासवदत्ते'त आपली रचना अक्षराअक्षरात श्लेषाने भरलेली असल्याचे अभिमानाने सांगितले. कविराजाच्या 'राघवपांडवीय' काव्यात त्याच श्लोकांतून रामायणही वाचता येते आणि महाभारतही. माझ्या दृष्टीने यातले सर्वांत बोलके उदाहरण बंगालमधले आहे. संध्याकर नंदीच्या 'रामचरित' काव्यात एक अर्थ प्रभू रामचंद्राचा आणि दुसरा पालवंशीय राजा रामपालाचा. सीता म्हणजे त्याची गमावलेली वरेंद्री भूमी, रावण म्हणजे ती बळकावणारा भीम. या काव्याची पोथी हरप्रसाद शास्त्रींना १८९७ साली नेपाळात सापडली. सोबत टीका, म्हणजे श्लोकांचा अर्थ उलगडून सांगणारे विवरण, होती, पण ती दुसऱ्या सर्गाच्या मध्येच थांबते. जिथवर टीका आहे तिथवर दोन्ही कथा स्वच्छ लागतात. त्यापुढे रामाची कथा कळते, पण रामपालाच्या कथेसाठी इतिहासकारांना श्लोकाश्लोकाशी झुंजावे लागले.

मला जे सांगायचे आहे ते या पोथीत आहे. त्या काळात दुहेरी अर्थ आणि तो उलगडून दाखवणारा माणूस ही जोडी होती. काव्यासोबत टीकाकार असे, अभंगासोबत कीर्तनकार असे. काट्याच्या अणीवर वसलेल्या तीन गावांचा ज्ञानेश्वरांचा अभंग एकट्याने ऐकला तर नुसते कोडे वाटते. दोन गावे ओसाड आणि तिसरे वसलेच नाही, हे काय प्रकरण आहे? कीर्तनात मात्र त्याची उकल त्याच रात्री, त्याच मंडपात मिळे. एकनाथांची (१५३३–१५९९) भारुडे तर मुद्दाम दोन मजली बांधलेली आहेत. विंचू चावल्याच्या भारुडात ते स्वतःच काम-क्रोधाचे नाव घेतात, त्यामुळे तिथे वेळ लागत नाही. पण भवानीला रोडगा वाहणारी सून घ्या. सासरा, सासू, जाऊ, एकेकाला ती देवीच्या हवाली करते आणि ऐकणारी मुले खदखदून हसतात. शेवटी ती म्हणते, सगळेच जाऊ दे, एकलीच राहू दे मला. ती सून म्हणजे जीव, सासर म्हणजे त्याला चिकटलेला प्रपंच, हे त्या शेवटच्या ओळीवरून मागे वळून पाहिले तरच दिसते. त्याच ओळीत 'एका जनार्दनी' ही नाममुद्रा आहे. एका म्हणजे एकनाथ, आणि जनार्दन त्यांचे गुरू. 'एका'च्या मागोमाग 'एकलीच' येते हे मला स्वतःला फार उशिरा ऐकू आले, आणि आता ते भारूड त्याशिवाय ऐकता येत नाही.

छपाई आली, मासिके आली, रंगभूमी व्यावसायिक झाली, आणि हा उलगडून सांगणारा माणूस बाजूला झाला. नाममुद्रेची जागा टोपणनावाने घेतली. श्लेष आणि संदर्भ मात्र राहिले. आता ते थेट वाचकाच्या हाती आले, सोबत कोणी नाही. उमगण्याचा क्षण लांबला तो इथे. पूर्वी तो त्याच बैठकीत येई, आता दहा-वीस वर्षांनी येतो, आणि आला तेव्हा आपण एकटे असतो.

दुसरी गोष्ट क्रमाची. संदर्भ कळायला मूळ कृती आधी माहीत हवी, पण लोकप्रिय कलेत आपण उलट दिशेने जातो. 'झेंडूची फुले' वाचून हसणाऱ्या आजच्या वाचकाने मूळ कविता वाचलेल्या असतीलच असे नाही. 'ती फुलराणी' हे नाटक १९७५ सालचे. ते बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून घेतले आहे, हे बहुतेकांना ठाऊक असते. शॉची नायिका फुले विकणारी मुलगी आहे, आणि 'फुलराणी' ही बालकवींची (१८९०–१९१८) कविता मराठी माणसाच्या कानात आधीपासून आहे. लंडनच्या रस्त्यावरची फुलवाली आणि हिरव्या गालिच्यावर खेळणारी कळी या दोघींना एका शब्दात आणणारे हे शीर्षक म्हणजे नुसते भाषांतर नव्हे, तो अस्सल मराठी श्लेष आहे. त्याखाली आणखी एक थर आहे. पिग्मॅलियन हा ओव्हिड या रोमन कवीच्या कथेतला शिल्पकार, स्वतः घडवलेल्या मूर्तीच्या प्रेमात पडलेला. पोरीला 'घडवणाऱ्या' प्राध्यापकाची गोष्ट शॉने त्या नावातच सांगून टाकली होती.

परभाषेतल्या कोट्यांबाबत आपल्याला लिपीचाही अडसर होतो. बीटल्स या इंग्लिश गायक-वादक चौघांच्या नावात भुंगेरा आहे आणि संगीतातला ठेकाही. सगळी गंमत रोमन स्पेलिंगमधल्या एका अक्षराच्या बदलात आहे. देवनागरीत लिहिताच तो बदल पुसला जातो. हॅरी पॉटरच्या कथेतल्या इच्छा दाखवणाऱ्या आरशाचे नाव 'इरिसेड' आहे. रोमन अक्षरे उलटी वाचली की 'डिझायर', म्हणजे इच्छा. मराठी अक्षरांत हे दिसणे शक्यच नाही.

ॲस्टेरिक्सची चित्रकथा फ्रेंचमध्ये १९५९ साली सुरू झाली, लेखक गोसिनी आणि चित्रकार उदेर्झो. ॲस्टेरिक्स म्हणजे छापखान्यातली चांदणी, आणि त्याचा मित्र ओबेलिक्स याच्या नावात ओबेलिस्क, म्हणजे उभा पाषाणस्तंभ. म्हणून तर तो पाठीवर दगड वाहतो! जुन्या छपाईत चांदणीनंतरच्या तळटिपेला खंजिराच्या आकाराचे चिन्ह येई, त्याचे नावही ओबेलिस्क. दोघे मित्र पानाच्या तळाशीही शेजारी असतात. कुत्र्याचे फ्रेंच नाव इदेफिक्स, म्हणजे डोक्यात पक्की बसलेली कल्पना. अँथिया बेल आणि डेरेक हॉक्रिज यांनी इंग्रजीत त्याचे 'डॉगमॅटिक्स' केले. अर्थ तोच ठेवला आणि वर त्यात कुत्राही बसवला. कोटीचे भाषांतर होत नाही, असे ऐकले की मी हे नाव पुढे करते.

हे सगळे लहानपणी का दिसत नाही, याचे कारण आपण नावे कशी शिकतो यात आहे. नाव आपण सबंध गिळतो. ते कशाचे आहे एवढे कळले की काम भागते, आत काय आहे हे पाहायची गरज पडत नाही. शिवाय बरेच शब्द वाचायला येण्याआधी कानांनी घेतलेले असतात. गणपतीच्या आरतीत 'फणिवरबंधना' आहे. नागाला कमरेला बांधणारा, असा त्याचा अर्थ. कितीतरी मुले ते 'फळीवर वंदना' म्हणतात आणि मोठेपणीही तसेच म्हणत राहतात. कानाला ओळखीचे शब्द मिळाले की तो पुढे शोधत नाही. दमयंतीच्या आईचेही तेच झाले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लपवण्याला नवे निमित्त मिळाले. अटारी कंपनी खेळ बनवणाऱ्यांची नावे देत नसे, म्हणून वॉरन रॉबिनेटने १९८०च्या 'ॲडव्हेंचर' या व्हिडिओ गेममध्ये एक गुप्त खोली करून तिथे आपले नाव लिहून ठेवले. खेळ विक्रीला गेल्यावर एका मुलाला ते सापडले. अशा लपवलेल्या गोष्टींना 'ईस्टर एग' म्हणण्याची रीत तिथून रूढ झाली. नाममुद्राच ही, फक्त दाराआड ठेवलेली. त्याच काळात व्हिडिओ कॅसेट आली, चित्र थांबवता आणि मागे नेता येऊ लागले, आणि पडद्याच्या कोपऱ्यातली पाटीही वाचण्याजोगी झाली.

कुंदन शाह यांच्या 'जाने भी दो यारों' (१९८३) या चित्रपटात अशीच पाटी आहे. त्यातले दोन छायाचित्रकार विनोद चोप्रा आणि सुधीर मिश्रा. ही नावे चित्रपटासाठी पडद्यामागे काम करणाऱ्या विधू विनोद चोप्रा आणि सुधीर मिश्रा यांचीच. ज्या नियतकालिकासाठी ते काम करतात त्याचे नाव 'खबरदार', आणि त्यात खबर आहे, धमकीही आहे. हे दोघे काढलेले फोटो मोठे करून पाहतात, तेव्हा त्यांना एका फोटोत खून होताना दिसतो. तो फोटो ज्या बागेत काढला तिचे नाव अँटोनियोनी पार्क. मिकेलांजेलो अँटोनियोनी या इटालियन दिग्दर्शकाने १९६६ साली 'ब्लो-अप' केला. त्यात लंडनचा एक छायाचित्रकार बागेत फोटो काढतो. काढताना त्याला काहीच दिसत नाही. घरी येऊन तो तेच फोटो मोठे करत जातो, पुन्हा मोठे करतो, आणि मग झुडपाआड पिस्तूल धरलेला हात दिसतो.