एल्फ्रेथ्स ॲली, फिलाडेल्फिया

अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातील फिलाडेल्फिया शहरात, डेलावेअर नदीपासून काही पावलांवर असलेली विटांच्या घरांची ऐतिहासिक गल्ली. फ्रंट स्ट्रीट आणि सेकंड स्ट्रीट या रस्त्यांना जोडणाऱ्या या गल्लीत एकमेकांना खेटून उभी असलेली ३२ घरे आहेत. सध्या उभ्या असलेल्यांपैकी सर्वांत जुनी घरे १७२०च्या दशकातली, तर शेवटची १८३६च्या सुमारास पूर्ण झाली. वस्ती सलग टिकून राहिलेल्या देशातील सर्वांत जुन्या निवासी गल्ल्यांत तिची गणना होते.

शहराच्या मूळ आराखड्यात ही गल्ली नव्हतीच. पेन्सिल्व्हेनिया वसाहतीचा संस्थापक विल्यम पेन याने १६८२मध्ये आखलेल्या शहरात रुंद रस्ते, मोठमोठे भूखंड आणि प्रत्येक भूखंडाच्या मधोमध एक घर, भोवती बाग अशी कल्पना होती. १६६६ची लंडनची आग त्याच्या पिढीने पाहिली होती. शहर कधी जळू नये, हा त्यामागचा हेतू. पण व्यापार नदीवर चाले आणि जो तो धक्क्याजवळ राहू पाही. मोठे भूखंड तुकड्यातुकड्यांनी विकले गेले आणि आतल्या तुकड्यांना वाट हवी म्हणून बोळ निघाले. १७०२च्या सुमारास आर्थर वेल्स व जॉन गिल्बर्ट या दोन लोहारांनी आपापल्या जमिनीची पट्टी सोडून गाडीवाट काढली, तीच ही गल्ली. तिला नाव मिळाले ते जेरेमाया एल्फ्रेथ या पुढच्या काळातील लोहाराचे. इथली घरे बांधून भाड्याने देण्याचाही त्याचा व्यवसाय होता.

गल्लीची ख्याती कोणा थोर पुरुषामुळे नाही. इथे लोहार, सुतार, खुर्च्या घडवणारे, जहाजांवर काम करणारे लोक राहत, आणि बहुतेकांचे दुकान खाली व बिऱ्हाड वर असे. १२६ क्रमांकाच्या घरात अठराव्या शतकात मेरी स्मिथ व सारा मेल्टन या नणंद-भावजया बायकांचे झगे शिवून चरितार्थ चालवत. हे घर आणि शेजारचे १२४ क्रमांकाचे घर मिळून आज संग्रहालय आहे.

वास्तुदृष्ट्या गल्लीत जॉर्जियन (अठराव्या शतकातील ब्रिटिश वळणाची) आणि त्यानंतरची फेडरल (अमेरिकेच्या स्वातंत्र्यानंतरची) अशा दोन्ही शैली दिसतात. मात्र रईसांच्या हवेल्यांतील नक्षी इथे शोधू नये. शैली ओळखायची ती दाराच्या चौकटीवरून, दारावरच्या काचेच्या झरोक्यावरून आणि छताखालच्या लाकडी पट्टीवरून. पाहण्यासारखे खरे काम विटांचे आहे. फ्लेमिश बाँड या रचनेत एकाच थरात एका विटेची लांब बाजू, तर पुढच्या विटेचे टोक, असे आळीपाळीने दर्शनी येते. लाकडाच्या भट्टीत आगीच्या अगदी जवळ राहिलेल्या विटांची टोके निळसर-काळी आणि चकचकीत होत. अशा विटा गवंडी फेकून देत नसत. टोक बाहेर काढून त्या नेमाने बसवत, त्यामुळे जुन्या भिंतींवर ठिपक्यांची जाळी उमटते. काही घरांच्या तळमजल्याच्या आणि त्यावरच्या मजल्याच्या मधोमध उतरत्या छपराची अरुंद पट्टी भिंतीतून पुढे आलेली असते. डेलावेअर खोऱ्यातील घरांची ही जुनी खूण.

लहान घरांत मजल्यागणिक एकच खोली आणि कोपऱ्यात वळणाचा, खडा जिना असे. पुण्याच्या जुन्या वाड्यांतील भिंतीत दडवलेला जिना ज्यांनी चढला आहे, त्यांना त्याची कल्पना येईल. अशा तीन मजली घरांना फिलाडेल्फियात ‘ट्रिनिटी’ म्हणतात.

दर्शनी भिंतींवर कुठे कुठे आगीचा विमा उतरवणाऱ्या कंपन्यांची धातूची चिन्हे दिसतात. बेंजामिन फ्रँक्लिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १७५२मध्ये काढलेल्या संस्थेचे चिन्ह एकमेकांत गुंफलेले चार हात. पुढे या संस्थेने दारासमोर झाड असलेल्या घरांचा विमा नाकारला, कारण आग विझवताना झाड आडवे येई. त्यावर नाराज झालेल्यांनी १७८४मध्ये वेगळी कंपनी काढली आणि चिन्ह निवडले ते हिरव्या झाडाचे!

एकोणिसाव्या शतकात आसपास कारखाने उभे राहिले, घरांत आयरिश व जर्मन स्थलांतरितांची दाटी झाली आणि गल्लीला अवकळा आली. श्रीमंतांनी पाठ फिरवल्यामुळेच पाडून नवे बांधण्याची घाई कोणी केली नाही, असे म्हणायला जागा आहे. पुढे मात्र पाडकामाचे संकट आलेच. १९३४मध्ये डॉली ऑटी आणि इतर रहिवाशांनी एल्फ्रेथ्स ॲली असोसिएशन स्थापन केली. चेरी स्ट्रीट असे बदललेले गल्लीचे मूळ नावही या संस्थेने परत मिळवले. १९५०च्या दशकाच्या अखेरीस नदीकाठच्या नव्या महामार्गाच्या आखणीविरुद्धही या संस्थेला उभे राहावे लागले. पुढे गल्लीला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

संग्रहालयाची दोन घरे वगळता बाकीची खासगी असून त्यांत आजही कुटुंबे राहतात. खिडकीला नाक लावून आत डोकावणारे पर्यटक हा त्यांच्या नित्याचा भाग झाला आहे. जूनमधील ‘फेट डे’ या वार्षिक उत्सवात काही रहिवासी आपली घरे पाहुण्यांना आतून पाहू देतात.