तीन मतांचा मतदारसंघ: सेंट्रल फिन्सबरी

दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये ब्रिटिश संसदेत निवडून गेले, हे आपण शाळेतच वाचतो. त्यांना निवडून देणारी वस्ती कोणती, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं. माझ्या मते त्या विजयाचा अर्थ कळायचा तर आधी वस्ती पाहायला हवी.

१८३२ च्या सुधारणा कायद्याने लंडनमध्ये फिन्सबरी हा दोन खासदारांचा मतदारसंघ झाला. त्याचं वळण सुरुवातीपासूनच बंडखोर. ‘लॅन्सेट’ हे वैद्यकीय साप्ताहिक काढणारे टॉमस वेकली इथलेच खासदार. त्यांचे सहकारी टॉमस डन्कम्ब यांनी १८४२ मध्ये सर्व पुरुषांना मताधिकार मागणारा, चार्टिस्ट या कामगार चळवळीचा प्रचंड अर्ज संसदेत मांडला. १८८५ च्या फेररचनेत या मतदारसंघाचे तुकडे झाले, त्यातला एक सेंट्रल फिन्सबरी, दुसरा हॉलबर्न.

सेंट्रल फिन्सबरीचा गाभा म्हणजे क्लार्कनवेल, घड्याळजींची वस्ती. घराघरात वर्कशॉप, कुणी फक्त चाकं कापणारा, कुणी फक्त तबकडी रंगवणारा. बारीक कामाला उजेड लागतो म्हणून वरच्या मजल्यांना रुंद खिडक्या. राजकारणावर तावातावाने बोलणारे हे कारागीर. मत होतं ते फक्त पुरुषांना, तेही सगळ्यांना नाही.

दादाभाई १८८६ मध्ये आधी शेजारच्या हॉलबर्नमधून उभे राहिले आणि पडले. त्या निकालाबद्दल १८८८ मध्ये एडिनबराच्या सभेत पंतप्रधान लॉर्ड सॅलिस्बरी बोलून गेले की, ब्रिटिश मतदारसंघ एखाद्या काळ्या माणसाला निवडून देईल, अशी वेळ अजून आलेली नाही. शब्द अपमानाचेच होते. पण त्यावर देशभर एवढं वादळ उठलं की दादाभाईंचं नाव घरोघरी पोहोचलं. त्याच वर्षी सेंट्रल फिन्सबरीच्या लिबरल पक्षाच्या मंडळींनी उमेदवार म्हणून त्यांची निवड केली होती. ती निवड मात्र पक्षातल्याच काहींना मान्य नव्हती. भांडण वर्षानुवर्षं चाललं आणि दादाभाई चिकाटीने तिथेच पाय रोवून राहिले.

१८९२ चा निकाल: दादाभाई २,९५९, कॉन्झर्व्हेटिव्ह खासदार फ्रेडरिक पेन्टन २,९५६. ‘नौरोजी’ उच्चारायला अडखळणाऱ्या इंग्रजांनी त्यांचं नावच ‘नॅरो-मेजॉरिटी’ (निसटतं मताधिक्य) करून टाकलं! या तीन मतांच्या जोरावरच आयसीएसची, म्हणजे ब्रिटिश राजवटीतल्या वरिष्ठ सनदी नोकरीची, परीक्षा इंग्लंडसोबत भारतातही घ्यावी, ही मागणी दादाभाईंना सभागृहात उभं राहून करता आली. तसा ठराव १८९३ मध्ये कॉमन्समध्ये, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, मंजूरही झाला. सरकारने तो अमलात आणला नाही, ही गोष्ट मला आजही सलते.

१८९५ मध्ये जागा कॉन्झर्व्हेटिव्हांकडे गेली. १९०६ मध्ये कामगार चळवळीतले विल्यम स्टेडमन लिबरलांच्या साथीने जिंकले, १९१० मध्ये पुन्हा कॉन्झर्व्हेटिव्ह. १९१८ मध्ये मतदारसंघच रद्द झाला. आज हा भाग इस्लिंग्टन साउथ अँड फिन्सबरीमध्ये येतो आणि तिथल्या एका छोट्या रस्त्याचं नाव नौरोजी स्ट्रीट आहे.