गैरसमज आणि संशय: अश्विनशेठला कोणत्या मापाने मोजावे?

गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संशयकल्लोळ’ या संगीत नाटकाचा प्रयोग किंवा नाट्यवाचन संपले, की बेळगावात बाहेर पडणाऱ्या गर्दीत एक वाक्य हमखास कानावर पडते: “बिचारे! सगळा गैरसमजाचा खेळ!” हे वाक्य मी टिळकवाडीत ऐकले आहे, शहापुरात ऐकले आहे आणि निपाणीहून खास प्रयोगासाठी आलेल्या मंडळींच्या तोंडूनही ऐकले आहे. कार्यक्रमपत्रिकेवर तर ‘गैरसमजातून उडणारा गोंधळ’ असे छापल्यावाचून आयोजकांचे समाधानच होत नाही. ते वाचून आणि ऐकून मी आता खरोखर थकले आहे, कारण या एका शब्दाने नाटकातील चारही माणसे, म्हणजे अश्विनशेठ आणि त्याची प्रेयसी रेवती, फाल्गुनराव आणि त्याची बायको कृत्तिका, एका रांगेत बसवली जातात, सगळी सारखीच निर्दोष ठरतात, आणि प्रेमात पडलेल्या माणसाचे वागणे नेमके कुठे बिघडते हा प्रश्न विचारायचाच राहून जातो. देवलांनी नावात ‘संशय’ हा शब्द घातला आहे, आणि तो विचार करूनच घातला असावा असे मानायला जागा आहे.

गैरसमज म्हणजे काय, हे सीमाभागातल्या नाट्यरसिकाला समजावून सांगण्याची गरज नाही, कारण ‘सौभद्र’ आपल्या अंगवळणी पडलेले आहे. अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, आणि 1882 सालचे ते नाटक आपल्याकडे घरोघर गुणगुणले जाते. सुभद्रा ज्याला यती समजून सेवा करते तो अर्जुन असतो. बलराम ज्याला साधुपुरुष समजून घरात ठेवून घेतो तोही तोच. दोघांचीही समजूत चुकीची आहे, पण ती चूक त्यांच्या मनातून आलेली नाही. समोर भगवी वस्त्रे होती आणि त्यांनी त्या वस्त्रांवर विश्वास ठेवला. खरे काय ते कळताच सुभद्रेची चुकीची समजूत त्या क्षणी संपते. गैरसमजाबद्दल एवढे पुरे.

शंका, मत्सर आणि रुसवा हे शब्दही लोक या चर्चेत ओढून आणतात, पण त्यांनी फारसा घोटाळा होत नाही. शंका क्षणभर येते आणि विचारल्यावर जाते. मत्सराला समोर खराखुरा प्रतिस्पर्धी लागतो. रुसवा तर मुळात प्रेमाच्या खात्रीवरच उभा असतो, कारण आपली समजूत काढायला कोणी येईल असा भरवसा असल्याशिवाय कोणी रुसत नाही. ‘सौभद्रा’तल्या रुक्मिणीच्या कोपाला कोणी संशय म्हणत नाही ते यामुळेच.

खरी गफलत गैरसमज आणि संशय यांचीच होते, कारण बाहेरून पाहता दोन्हींचे रूप एकच दिसते: माणसाने काहीतरी पाहिले, त्याचा चुकीचा अर्थ लावला आणि तो भडकला. दोन्ही वेगळे ओळखण्याची माझ्या मते एकच खात्रीची कसोटी आहे. त्या माणसाला खरी हकिकत सांगून पाहावी. गैरसमज झालेला माणूस हकिकत ऐकतो, ओशाळतो आणि शांत होतो. संशयी माणूस तीच हकिकत नव्या पुराव्यासारखी हातात घेतो: हिने इतक्या लवकर खुलासा दिला, म्हणजे तो आधीच तयार करून ठेवला होता, खुलासा दिला नसता, तर तोंड उघडायची सोय नव्हती असे म्हणाला असता. गैरसमजाला माहिती कमी पडलेली असते, त्यामुळे माहिती मिळताच तो मिटतो. संशयाला कितीही माहिती दिली तरी ती त्याच्या पोटात जाते आणि तो आणखी वाढतो.

आपण दोन भाषांच्या मध्ये राहणारी माणसे आहोत, त्यामुळे हा फरक आपल्याला तरी चटकन दिसायला हवा. कन्नडमध्ये गैरसमजाला ‘तप्पु तिळुवळिके’, म्हणजे सरळ ‘चुकीची समजूत’ म्हणतात. आणि संशयाला रोजच्या बोलण्यातला शब्द आहे ‘अनुमान’. शेजारच्या घरातून “अनुमान बंतु” असे ऐकू आले, की मराठी कानाला आधी तर्कशास्त्रातले अनुमान आठवते: डोंगरावर धूर दिसला, म्हणून तिथे अग्नी असलाच पाहिजे. मला हा योगायोग फार अर्थपूर्ण वाटतो, कारण संशयी माणूस दिवसभर अनुमानेच काढत असतो. फरक इतकाच, की त्याच्या मनात अग्नी आधीपासून पेटलेला असतो आणि धूर तो नंतर शोधायला निघतो. धूर नाहीच दिसला, तर कोणीतरी तो झाकून ठेवला असे तो म्हणतो.

नाटकाच्या नावाचा इतिहासही याच बाजूने बोलतो. मोलिएरने 1660 मध्ये लिहिलेल्या ‘स्गानारेल’वरून आर्थर मर्फीने 1761 मध्ये ‘ऑल इन द राँग’ हे नाटक रचले, आणि त्याच्या आधारे गोविंद बल्लाळ देवलांनी आधी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक लिहिले. पुढे पदे घालून त्याचे संगीत नाटक झाले, 1916 साली गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले, आणि नाव झाले ‘संशयकल्लोळ’. पहिल्या नावात दोष तसबिरीवर आहे. घोटाळा वस्तूने केला. दुसऱ्या नावात तसबीर गळून पडली आणि तिच्या जागी मन आले. आज जे लोक या नाटकाला गैरसमजाचे नाटक म्हणतात, ते नकळत त्याच्या पहिल्या नावाकडे परत जात असतात.

आता ती तसबीर हातोहात कशी फिरते ते पाहावे. अश्विनशेठने रेवतीला आपली तसबीर दिलेली असते. रस्त्यात रेवतीला घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो आणि तसबीर तिथे पडते. नवऱ्याला परक्या स्त्रीला सावरताना पाहिलेली कृत्तिका तिथे येते आणि तसबीर उचलते; ती तसबीर न्याहाळताना फाल्गुनराव तिला पाहतो आणि काढून घेतो; आणि शेवटी फाल्गुनरावाच्या हातात आपलीच तसबीर अश्विनशेठला दिसते. वस्तू एकच आहे, तिच्याबद्दलची खरी हकिकत चार वाक्यांत सांगून होणारी आहे, आणि तरीही ती सांगायला नाटकाचे सगळे अंक लागतात.

फाल्गुनरावाचा निकाल लावणे सोपे आहे. तरुण बायकोचा हा वयस्कर नवरा तसबीर सापडण्याच्या आधीपासूनच संशयी आहे. तसबीर सापडली नसती तर त्याने दुसरे काही शोधून काढले असते. म्हणून तो हास्यकारक होतो, आणि त्याच्या बाबतीत गैरसमज हा शब्द उच्चारणे हा मराठी भाषेवर अन्याय आहे. कृत्तिकेलाही संशयाचीच सवय आहे, पण नवऱ्याच्या मिठीत दुसरी बाई तिने निदान डोळ्यांनी पाहिलेली असते. तिच्याबद्दल मला जास्त कणव आहे.

लोक अडखळतात ते अश्विनशेठपाशी. तो तरुण आहे, उमदा आहे, त्याच्या तोंडी सुंदर पदे आहेत, म्हणून प्रेक्षक त्याला मनोमन आधीच माफ करून बसलेले असतात. त्याच्या वागण्याचे दोन भाग करावेत, असे माझे म्हणणे आहे. प्रेयसीला प्रेमाने दिलेली आपली तसबीर एका परपुरुषाच्या हातात दिसली, तर कोणाच्याही काळजाचा ठोका चुकेल. तिथपर्यंत तो गैरसमज आहे आणि तिथपर्यंत अश्विनशेठकडे बोट दाखवायला जागा नाही. पण त्यानंतर तो रेवतीकडे येतो तेव्हा “माझी तसबीर कुठे आहे?” हा प्रश्न उत्तर ऐकण्यासाठी विचारायचा की आरोप म्हणून फेकायचा, ही निवड त्याच्या हातात असते. ज्या क्षणी उत्तर ऐकण्याआधीच निकाल तयार होतो, त्या क्षणी गैरसमज संपला आणि संशय सुरू झाला. ही रेघ नाटकात आखलेली नाही. ती नटाला आखावी लागते आणि प्रेक्षकाला ओळखावी लागते.

त्यातच रेवती नायकिणीच्या घरात जन्मलेली आहे, ही गोष्ट विसरून चालत नाही. अशा मुलीबद्दल वाईट बोलायला गावाकडे वाक्ये तयारच असतात. कृत्तिकेवर घ्यायचा संशय फाल्गुनरावाला स्वतःच्या डोक्यातून काढावा लागतो. रेवतीवर घ्यायचा संशय अश्विनशेठला आयता मिळतो. तिच्याशी लग्न करायला निघालेल्या माणसाने पहिल्याच धक्क्याला त्या आयत्या वाक्यांचा आधार घ्यावा, हा माझ्या दृष्टीने फाल्गुनरावाच्या आयुष्यभराच्या संशयापेक्षा मोठा अपराध आहे. हे मत अनेकांना कडक वाटते, पण मी ते बदललेले नाही.

“शेवट गोड होतो, मग एवढे कशाला?” असे मला विचारले जाते. याच देवलांनी शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ या शोकांतिकेवरून ‘झुंझारराव’ लिहिले आहे, हे अशा वेळी आठवावे. मूळ नाटकातला रुमाल आणि इथली तसबीर यांचे काम सारखेच आहे: प्रेमाने दिलेली एक लहानशी वस्तू भलत्या हातात जाते. तिथे खरी हकिकत कळेपर्यंत उशीर झालेला असतो, इथे ती वेळेवर कळते. संशयाची जात मात्र दोन्हीकडे तीच आहे, आणि देवलांना ती दोन्ही टोकांनी माहीत होती. त्यांचे शिक्षण बेळगावात झाले, किर्लोस्कर त्यांना तिथेच शिक्षक म्हणून लाभले. गुरूच्या नाटकात वेष उतरताच संपणारी चूक होती, शिष्याने मात्र खुलासा होऊनही न संपणारी चूक रंगमंचावर आणली.

काही वर्षांपूर्वी शहापुरात एका हौशी संचाच्या तालमीला मी वाचनासाठी बसत असे. अश्विनशेठ करणारा मुलगा गळ्याने चांगला तयार होता, पण तसबीर दिसताच तो फाल्गुनरावासारखेच डोळे वटारत असे, आणि दिग्दर्शकालाही त्यात काही वावगे वाटत नव्हते. मी त्याला एवढेच सुचवले, की आधी तसबिरीतल्या स्वतःच्या चेहऱ्याकडे पाहा, मग ती धरलेल्या बोटांकडे पाहा, आणि चेहऱ्यावर राग यायच्या आधी कोडे पडलेले दिसू दे. दुसऱ्या दिवशी त्याने तसे केले. हातातली उपरण्याची कड त्याने दोनदा बोटाला गुंडाळली आणि सोडली, आणि राग आला तो तिसऱ्या गुंडाळीला. पुढच्या प्रवेशात तो रेवतीसमोर उभा राहिला तेव्हा त्याने प्रश्न विचारला आणि तिचे ओठ हलायच्या आत मान फिरवली. कोपऱ्यात पेटी वाजवणारे गृहस्थ त्या जागी सूर धरायचे विसरले.

रेवती करणाऱ्या मुलीला माझी विनंती वेगळी होती. तिने खुलासा करायची घाई करू नये, आवाज चढवू नये आणि रडू तर मुळीच नये. तिने त्या फिरलेल्या मानेकडे पाहत राहावे, कारण तिचा अपमान आरोपाने होण्याआधी त्या मान फिरवण्याने झालेला असतो.