गार पाण्यातला पहिला श्वास

स्नॉर्कलिंग म्हटलं की निळंशार, कोमट पाणी आणि रंगीबेरंगी प्रवाळ डोळ्यांपुढे येतात. पर्यटनाच्या जाहिरातींनी हे चित्र इतकं पक्कं केलंय, की १२ अंश सेल्सिअसच्या हिरवट पाण्यात कुणी हौसेनं तोंड बुडवत असेल यावर चटकन विश्वास बसत नाही. पण केपटाउन, सिएटल, व्हँकुव्हर अशा शहरांत हा प्रकार चांगलाच रुळलेला आहे. मास्क, नळी, पायाला फिन्स आणि अंगात वेटसूट, म्हणजे रबरी घट्ट पोशाख, एवढ्यावर काम भागतं. बोट लागत नाही, हवेची टाकी लागत नाही. रस्ता आणि इमारती जिथे संपतात तिथून काही मीटरवर प्रेक्षणीय समुद्र सुरू होतो.

थंड पाण्याची भीती सगळ्यांनाच वाटते, आणि वाटावीही. गंमत अशी की बहुतेकांना ती चुकीच्या गोष्टीची वाटते. आपण गारठून मरू, असं लोकांच्या मनात असतं. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी त्यावर एक सोपा हिशेब लोकप्रिय केला आहे. बर्फाळ पाण्यात साध्या कपड्यांनिशी पडलेल्या माणसाला श्वास ताब्यात आणायला एक मिनिट मिळतं, हातपाय उपयोगाचे राहतील अशी सुमारे दहा मिनिटं मिळतात, आणि गारठ्यानं शुद्ध हरपायला जवळपास एक तास लागतो. म्हणजे ज्याची धास्ती घ्यायची ते गारठणं सगळ्यात शेवटी येतं. माणसं बुडतात ती पुष्कळदा त्या पहिल्या मिनिटातच.

त्या मिनिटात नेमकं घडतं काय? थंड पाणी अंगाला लागताच त्वचेतले शीतसंवेदक एकाच वेळी मेंदूकडे संदेशांचा भडिमार करतात. त्याला उत्तर म्हणून छाती एक मोठा श्वास आत ओढते, दोन-तीन लिटरचा. हा श्वास आपण घेत नाही, तो घेतला जातो. पाठोपाठ धाप लागते, नाडी धावू लागते, त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. एरवी मिनिटभर सहज श्वास रोखणाऱ्या माणसाला अशा वेळी दहा सेकंदही तो धरता येत नाही. याला ‘कोल्ड शॉक’ म्हणतात. ब्रिटनमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठाचे माइक टिप्टन यांनी त्याचा अनेक वर्षं अभ्यास केला आहे. पहिल्या अर्ध्या मिनिटात त्याचा जोर सर्वाधिक असतो आणि दोन-तीन मिनिटांत तो ओसरतो. आणखी एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. हा झटका १० ते १५ अंशांच्या पाण्यातच जवळपास कमाल पातळीला पोहोचतो. ‘बर्फ कुठे आहे, बारा अंश तर आहे’ ही समजूत म्हणूनच फसवी आहे.

स्नॉर्कल तोंडात असताना हे सगळं जास्त अडचणीचं होतं. तो अनावर श्वास आणि नळीवरून जाणारी एखादी लाट यांची गाठ पडली, तर हवेबरोबर पाणीही आत जातं. लाट नसली तरी नळीचा म्हणून एक हिशेब आहेच. आपल्या श्वासमार्गात साधारण १५० मिलिलिटर हवा अशी असते, जी आत-बाहेर करते पण फुप्फुसांच्या कामाच्या भागापर्यंत पोहोचत नाही. नळीमुळे या निरुपयोगी जागेत जवळपास तेवढीच भर पडते. संथ, खोल श्वासाला त्याचं काही वाटत नाही. पण भराभर, उथळ श्वास घेतला तर तीच शिळी हवा मागेपुढे होत राहते, आणि जीव घाबरा झालेला माणूस आणखी जोरात धापा टाकू लागतो.

त्यामुळे थंड पाण्यात उडी मारून शिरणं हा शूरपणा करूच नये. कमरेपर्यंत चालत जावं, चेहऱ्यावर आणि मानेवर पाणी घ्यावं, मग छाती भिजू द्यावी. नळी तोंडाबाहेर ठेवून नुसतं तरंगावं. सोबत्याशी एक अख्खं वाक्य न अडखळता बोलता आलं, की नळी तोंडात घ्यायची. हा सोबती हवाच. एकट्यानं जायची ही जागा नव्हे.

चेहरा पाण्यात गेल्यावर एक वेगळंच नाट्य सुरू होतं. कपाळ आणि गालांना गार पाणी लागलं आणि श्वास थांबला, की चेहऱ्याच्या नसेमार्फत हृदयाला सावकाश चालण्याचा हुकूम जातो. सील आणि देवमाशांमध्ये हीच प्रतिक्रिया फार प्रबळ असते आणि बुडी मारताना ती ऑक्सिजन वाचवते. आता त्वचा सांगते, धाव; चेहरा सांगतो, थांब. हृदयाला एकाच क्षणी दोन उलट हुकूम मिळतात आणि त्याची लय बिघडू शकते. टिप्टन आणि मायकेल शॅटक यांनी २०१२ मध्ये हे ‘स्वायत्त चेतासंस्थेतलं भांडण’ म्हणून मांडलं. धडधाकट माणसात असे चुकलेले ठोके सहसा आपोआप सुरळीत होतात. हृदयविकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

शरीर हे सगळं शिकतं, ही त्यातली दिलासा देणारी बाजू. थंड पाण्यात पाच-सहा वेळा तीन-तीन मिनिटं उतरलं की कोल्ड शॉकचा जोर जवळपास निम्म्यावर येतो, आणि ही सवय काही महिने टिकते.

वेटसूटबद्दल एक गैरसमज जाता जात नाही. आत शिरलेलं पाणी अंगाच्या उष्णतेनं तापतं आणि तेच ऊब देतं, असं अनुभवी लोकही सांगतात. खरं काम करतात ते निओप्रीनच्या रबरात कोंडलेले वायूचे असंख्य बारीक बुडबुडे. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगानं उष्णता वाहून नेतं. हे बुडबुडे त्या वाटेत आडवे उभे राहतात. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांच्या १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हेच लक्षात आलं, की माणूस कोरडा राहिला नाही तरी चालेल, वायू कापडात अडकलेला हवा. त्यातूनच वेटसूट जन्मला. सूट अंगालगत हवा, तो एवढ्यासाठीच की आतलं पाणी सतत बदलत राहू नये. खोल जाणाऱ्या पाणबुड्याच्या सुटातले हे बुडबुडे दाबानं चेपतात, दहा मीटरवर निम्मे होतात. पृष्ठभागावर तरंगणाऱ्या स्नॉर्कलरला ही भीती नाही. तोच पाच किंवा सात मिलिमीटरचा सूट त्याला जास्त उबदार ठेवतो, आणि बुडूही देत नाही. खाली डोकावायचं तर कमरेला वजनांचा पट्टा बांधावा लागतो.

डोकं आणि कान झाकणाऱ्या रबरी टोपीच्या बाबतीत कंजुषी करू नये, आणि त्याचं कारण कानात आहे. व्हिएन्नाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी रुग्णांचे कान धुताना पाहत असत, की पाणी फार गार किंवा फार गरम असलं की रुग्णाला भोवळ येते. कानाच्या अंतर्भागातला द्रव एका बाजूनं थंड झाला की तो वाहू लागतो आणि मेंदूला वाटतं डोकं फिरतंय. या कामाबद्दल बारानींना १९१४ चं नोबेल मिळालं. टोपीच्या फटीतून एकाच कानात गार पाणी गेलं की पाण्यातही नेमकं हेच होतं: काही क्षण वर कुठे आणि खाली कुठे ते कळत नाही. घाबरून न जाता एखादा स्थिर खडक नजरेत धरून ठेवला की तोल परत येतो. वर्षानुवर्षं गार पाण्यात जाणाऱ्यांच्या कानाच्या नळीत हाडाची गाठही वाढते. अशा गाठी निअँडरथल मानवांच्या कवट्यांमध्येही सापडल्या आहेत. त्यांनी पाण्यात काय शोधलं असेल, याचा विचार करायला मला आवडतं.

एवढा खटाटोप करून बघायचं काय, तर भरलेला समुद्र. केपटाउन हे त्याचं उत्तम उदाहरण. शहर एका डोंगराळ द्वीपकल्पावर पसरलेलं आहे. पश्चिमेला अटलांटिक, पूर्वेला फॉल्स बे. भर उन्हाळ्यात, लोक घामाघूम झालेले असताना, पश्चिमेचं पाणी वर्षातलं सगळ्यात थंड असतं, कधी कधी १० अंशांच्या आसपास. द्वीपकल्प ओलांडून फॉल्स बेमध्ये गेलं तर पाणी कित्येक अंशांनी उबदार लागतं. ही करामत आग्नेयेकडून येणाऱ्या उन्हाळी वाऱ्याची. दक्षिण गोलार्धात पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरच्या थरातलं पाणी वाऱ्याच्या डावीकडे सरकतं. हा वारा पश्चिम किनाऱ्यालगत वाहतो, म्हणून तिथलं वरचं पाणी खोल समुद्राकडे ढकललं जातं. रिकामी झालेली जागा भरायला खालचं गार पाणी वर येतं, आणि येताना नायट्रेट, फॉस्फेट अशी खतं घेऊन येतं. समुद्रात वर ऊन असतं आणि खाली खत. दोन्हींची भेट होते तिथे जीवन फोफावतं. शिवाय गार पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो. ३० अंशांच्या समुद्रात लिटरमागे सहा मिलिग्रॅम मावतो, तर १० अंशांच्या पाण्यात जवळपास नऊ.

पाण्याचा रंगही याच श्रीमंतीचा. शुद्ध पाणी लाल प्रकाश शोषतं आणि निळा जाऊ देतं. त्यात वनस्पती-प्लवक, म्हणजे तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, वाढले की त्यांचं हरितद्रव्य निळाही खाऊन टाकतं आणि उरतो हिरवा. उष्ण कटिबंधातलं ते पारदर्शक निळं पाणी पोषणाच्या दृष्टीनं बरंचसं उपाशी असतं. हिरव्या पाण्यात कधी पाच मीटरपलीकडचं दिसत नाही, म्हणून पहिल्यांदा गेलेला माणूस हिरमुसतो. त्यानं दूरवर बघणं सोडावं आणि हाताच्या अंतरावर नजर लावावी. मास्कमधून वस्तू एक तृतीयांशानं मोठी दिसते, हा आयता फायदा.

केपच्या पाण्यात सगळ्यात आधी भेटतो तो केल्प. दिसायला वृक्ष, पण ती वनस्पती नव्हे. हे तपकिरी शैवाल. त्याला मुळं नसतात, नुसती खडकाला घट्ट धरणारी पकड असते. अन्न तो पानांसारख्या पट्ट्यांतून थेट पाण्यातून घेतो. इथला एक्लोनिया मॅक्सिमा दहा-बारा मीटर उंच वाढतो. त्याचा दांडा पोकळ, वायूनं भरलेला असतो, म्हणून तो ताठ उभा राहतो आणि शेंडे पृष्ठभागावर पसरतात. सिएटल-व्हँकुव्हरकडच्या बुल केल्पच्या फुग्यात तर थोडा कार्बन मोनॉक्साइडही असतो. केल्पमध्ये पाय अडकला तर झटापट करू नये. लाट त्याला एकदा इकडे, एकदा तिकडे झुलवते. मधल्या क्षणी तो सैल पडतो आणि पाय अलगद सुटतो.

केल्पच्या बुडाशी, खडकावर, जांभळे-गुलाबी सी अर्चिन, म्हणजे काटेरी गोळ्यासारखे प्राणी, पसरलेले असतात. पुष्कळांनी डोक्यावर शिंपल्यांचे तुकडे धरलेले दिसतात. त्यातल्या एखाद्याच्या काट्यांखाली नीट पाहिलं, तर नखाएवढी अबालोनी गोगलगाय लपलेली सापडते. लहानपणी तिला त्याहून सुरक्षित छप्पर नाही. १९९० च्या दशकात खडकातले शेवंड मोठ्या संख्येनं फॉल्स बेच्या पूर्व टोकावरच्या केप हँगक्लिपच्या पूर्वेला सरकले आणि त्यांनी तिथल्या अर्चिनचा फडशा पाडला. अर्चिन गेले तशी अबालोनीची पिल्लंही उघडी पडली. आधीच चोरट्या पकडीनं खंगलेल्या अबालोनीला हा दुसरा तडाखा बसला. वरून पाहणाऱ्याला मात्र केल्पचं जंगल तसंच हिरवंगार दिसत राहिलं.

इथेच पफॲडर शायशार्क ही दीड-दोन फुटांची मुशी भेटते. तिला डिवचलं तर ती अंगाचं वेटोळं करते आणि शेपटीनं डोळे झाकून घेते. केप फर सील तिला तोंडात धरून उडवताना दिसले आहेत, म्हणजे हा बचाव नेहमीच कामी येतो असं नाही.

शहर जवळ असण्याची किंमतही मोजावी लागते. पाऊस पडला की रस्त्यावरचं तेल, कुत्र्यांची विष्ठा, तुंबलेल्या गटारांचं पाणी सगळं किनाऱ्याला येतं. सॅन डिएगो परिसरात पावसानंतर ७२ तास पाण्यात न जाण्याची सरसकट सूचना असते, आणि ती कुठल्याही शहराला लागू करायला हरकत नाही. केपटाउनचं काही सांडपाणी आजही फक्त चाळून, लांब नळांवाटे अटलांटिकमध्ये सोडलं जातं. पाण्याची तपासणी होते ती एंटेरोकोकस जिवाणू मोजून, पण ते वाढवून मोजायला नेहमीच्या पद्धतीनं साधारण एक दिवस लागतो. फलकावर लिहिलेला आकडा कालचा असतो. त्यापेक्षा आदल्या तीन दिवसांचा पाऊस आणि जवळच्या नाल्याचं तोंड कुठे आहे, एवढं पाहिलेलं बरं. बोटींसाठी भडक रंगाचा तरंगता बोया सोबत ओढावा. काळ्या सुटातलं डोकं चालकाला सील वाटतं.

बाहेर कधी पडायचं हे अंगठा सांगतो. अंगठा त्याच हाताच्या करंगळीला टेकेनासा झाला, की स्नायू आणि नसा गारठल्या. त्यानंतर बकलही सोडवता येणार नाही. हुडहुडी भरण्याची वाट पाहू नये. किनाऱ्यावर आल्यावरही शरीराच्या गाभ्याचं तापमान काही वेळ उतरतच राहतं, कारण आतली उष्णता गार पडलेल्या हातापायांकडे आणि त्वचेकडे वाहत असते. म्हणून पाण्यात मजेत असलेला माणूस बाहेर येऊन दहा-वीस मिनिटांनी थडथड कापू लागतो. लगेच कढत पाण्याखाली उभं राहिलं तर त्वचेतल्या रक्तवाहिन्या एकदम फाकतात, रक्तदाब पडतो आणि चक्कर येऊ शकते. आधी ओला सूट काढावा, अंग कोरडं करावं, कपड्यांचे थर चढवावेत, वाऱ्याच्या आड बसून काही गरम आणि गोड प्यावं. गाडी चालवायची असेल तर कापरं पूर्ण थांबल्यावरच.