हळदीचा डाग लाल होतो, मग कुंकू पिवळं का पडत नाही?

लग्नाच्या पंगतीत पांढऱ्या सदऱ्यावर आमटी सांडते. घरी आल्या आल्या आपण डागाला साबण चोळतो आणि पिवळा डाग निघायचा सोडून लालभडक होतो. साबणच खराब निघाला असं वाटतं. जेजुरीहून भंडाऱ्यात न्हाऊन आलेल्यांना हा प्रकार नवा नाही. त्यांची तर अख्खी बादली लाल होते.

साबणाची काही चूक नसते. हळदीचा पिवळेपणा ज्यामुळे येतो त्या द्रव्याला कर्क्युमिन म्हणतात. फ्रान्समध्ये व्होगेल आणि पेल्टिये यांनी १८१५ साली ते हळदीतून वेगळं केलं. त्याची नेमकी रचना कळायला १९१० साल उजाडलं. कर्क्युमिन प्रकाशातला निळा-जांभळा भाग गिळतं आणि उरलेला पिवळा आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतो. साबण अल्कधर्मी असतो, म्हणजे त्याच्या पाण्याचा सामू (पीएच) ९-१० च्या घरात जातो. अशा पाण्यात कर्क्युमिनच्या रेणूतले एक-दोन हायड्रोजन सुटून जातात आणि रेणूतल्या इलेक्ट्रॉनांना ऐसपैस पसरायला जागा मिळते. मग तो रेणू निळ्याऐवजी हिरव्याकडचा प्रकाश गिळू लागतो आणि आपल्याला लाल दिसतो. लिंबू पिळा, सुटलेले हायड्रोजन परत येतात, डाग पुन्हा पिवळा. शाळेत लिटमसचा कागद वापरतात, पण अल्कधर्मी पदार्थ ओळखायचं काम हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला टिपकागदही करतो, आणि फुकटात.

नुसत्या पाण्याने तो डाग हलत नाही याचं कारण फोडणीत आहे. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, तेलात मात्र विरघळतं. आमटीवरचा पिवळा तवंग आठवा. त्यात सुती धाग्याला हा रंग कशाच्याही मदतीशिवाय धरतो.

आता खरं कोडं. ‘हळदीत चुना घातला की कुंकू होतं’ असं आपण सगळे सांगत आलोय, मीही. मुरगळलेल्या पायावर हळद-चुन्याचा लेप लावला की तो लाल होतो, हे पाहिलेलं असतं, त्यामुळे ते पटतंही. पण जरा विचार करा. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते, घामही बहुधा तसाच. कुंकवाचा लाल रंग साबणाच्या डागासारखाच असता, तर वैशाखातल्या दुपारी कपाळावरचं कुंकू पाहता पाहता पिवळं पडलं असतं. तसं होत नाही. त्याहून गंमत म्हणजे कुंकू करायच्या जुन्या रीतीत लिंबाचा रस भरपूर लागतो, आणि लिंबाने तर लाल रंग जायला हवा!

या कोड्याची किल्ली त्या रीतीतल्याच दुसऱ्या एका जिनसात आहे: सवागी, म्हणजे टाकणखार. सोनार दागिन्याचा सांधा जोडताना लावतो तोच. एके काळी तो तिबेटातल्या खाऱ्या सरोवरांच्या काठावरून हिमालय ओलांडून खाली यायचा आणि पुढे युरोपापर्यंत जायचा. टाकणखारात बोरॉन असतं. लिंबाच्या रसात टाकणखार विरघळला की त्याचं बोरिक आम्ल होतं. त्यात हळकुंडं मुरवून वाळवली की बोरॉनचा अणू कर्क्युमिनच्या लांबट रेणूला बरोबर मध्यावर, दोन ऑक्सिजन अणूंपाशी, चिमट्यासारखा धरतो. कधी कधी एकाच बोरॉनला दोन कर्क्युमिन येऊन चिकटतात. असं जे संयुग बनतं ते लाल असतं, आणि आम्लात लालच राहतं. पाणी उडून जाईल तशी ही पकड जमत जाते, म्हणून वाळवणं ही त्यातली बिनमहत्त्वाची पायरी नव्हे. मग हळकुंडं कुटायची, वस्त्रगाळ करायची.

म्हणजे लाल दोन प्रकारचा. साबणाचा किंवा चुन्याचा लाल उसना, परिस्थिती बदलली की परत करावा लागणारा. टाकणखाराचा लाल मुक्कामाला आलेला. ज्यांनी ही रीत बसवली त्यांना बोरॉन ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. ते मूलद्रव्य वेगळं झालं १८०८ साली. करून बघत, बिघडवत, पुन्हा करत त्यांनी ते साधलं असणार. आज माती-पाण्यातलं बोरॉन मोजायला प्रयोगशाळेत कर्क्युमिन घालून लाल रंग किती गडद येतो ते पाहतात. कुंकवाचा कारखाना आणि ती प्रयोगशाळा एकच क्रिया करतात, फक्त एकीला मोजमाप हवं असतं. (बाजारातली स्वस्त कुंकवं आता बरीचशी कृत्रिम रंगाची असतात, त्यांना हे लागू नाही.)

हे घरी ताडून पाहता येतं. हळदीच्या दोन कागदांपैकी एकावर साबणाचं पाणी टाका, दुसऱ्यावर टाकणखार घातलेला लिंबाचा रस, आणि दोन्ही वाळू द्या. मग दोन्हींवर लिंबू पिळा. पहिला पिवळा होईल, दुसरा तांबूसच राहील. त्या दुसऱ्यावर साबणाचं पाणी टाकलंत तर तो काळपट-हिरवट पडतो. टाकणखार पोटात जाऊ द्यायचा नाही, तेव्हा मुलांबरोबर करत असाल तर नंतर हात धुवा.

राहिला सदरा. लाल झालेला डाग पाहून घाबरू नका. अल्कधर्मी पाण्यात कर्क्युमिन मुळातच तग धरत नाही, तुटू लागतं, आणि प्रकाश तर त्याचा वैरीच. साबण लावून, खळबळून घ्या आणि डाग वरच्या बाजूला येईल असा सदरा कडक उन्हात वाळत घाला. संध्याकाळी दोरीवरून काढताना डाग बहुधा शोधावा लागतो. सदरा रंगीत असेल तर मात्र ऊन बेताचंच द्या, नाहीतर डागाबरोबर त्याचाही रंग जायचा.